घरच्या संगणकाला जोडडिस्क : कार्बन प्रत कोणती आणि राखीव प्रत कोणती?



ऊस काट्यावर चढला की वजनाची पावती निघते. तिची एक प्रत सभासदाच्या हाती येते, दुसरी कारखान्याच्या दप्तरी राहते. पूर्वी मधे कार्बनचा निळा कागद असे, हल्ली तेच काम छपाईयंत्र करते. पण हेतू जुनाच आहे. एक प्रत भिजली, फाटली, उंदराने कुरतडली, तरी दुसरी बोलते.

आता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक आला आहे. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेला हा संगणक पुढे शेतीच्या हिशेबाला, कागदपत्रे स्कॅन करून ठेवायला आणि घरातले फोटो साठवायला उपयोगी पडतो. पण काट्यावर दोन प्रती मागणारा सभासद संगणकात मात्र एकाच प्रतीवर भागवतो. सारे दप्तर एकाच डिस्कवर असते, आणि ती डिस्क बसली की दहा वर्षांचा हिशेब एका सकाळी नाहीसा होतो.

यावर संगणकाचे जाणकार एक उपाय सांगतात. आहे त्याच संगणकात आणखी दोन डिस्क बसवाव्यात आणि त्या एकमेकींचे प्रतिबिंब म्हणून चालवाव्यात. यालाच ‘मिररिंग’ म्हणतात. उपाय चांगला आहे, घरच्या घरी होण्यासारखा आहे. पण त्याविषयी एक मोठा गैरसमज आहे आणि त्यापायी माणसे नको तितकी निर्धास्त होतात. म्हणून हा उपाय कसा करावा आणि तो कुठे अपुरा पडतो, या दोन्ही गोष्टी येथे सांगत आहोत.

जपायचे काय, हे आधी ठरवा

खर्च करण्यापूर्वी संगणकातल्या मालाचे दोन ढीग करावेत.

पहिला ढीग पुन्हा मिळणाऱ्या कागदांचा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून शासनाच्या संकेतस्थळावरून काढता येतो. आठ-अ व फेरफार यांचेही तसेच आहे. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका अशी कागदपत्रे मिळतात. हा ढीग गेला तर त्रास होईल, पण नुकसान होणार नाही.

दुसरा ढीग पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींचा. वर्षवार स्कॅन करून ठेवलेल्या वजनपावत्या, लागवडीच्या तारखा, मजुरीचा व खतांचा हिशेब, सोसायटीत भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, बांधाचे व विहिरीचे जुने फोटो, मुलीच्या लग्नाचे चित्रण, वडिलांचा आवाज. हे कोणत्याही कचेरीत अर्ज करून मिळत नाही.

यात वजनपावतीचे महत्त्व वेगळे सांगायला हवे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देय होते. अशा रकमेचा प्रश्न कुठेही निघाला, की कोणत्या तारखेला किती टन गेला आणि खात्यात पैसे कोणत्या तारखेला पडले, हे तारखेनिशी मांडावे लागते. ज्याच्यापाशी नोंद असेल त्याचे बोलणे वजनदार ठरते.

ऊसपट्ट्याला संगणक नवीन नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरला १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ योजना सुरू झाली. वारणा सहकारी समूह, राज्य शासन आणि केंद्राचे राष्ट्रीय सूचना केंद्र यांनी मिळून सुमारे ७० गावांना संगणकाने जोडायचे ठरवले. गावच्या केंद्रात ऊसनोंद, तोडणी आणि वजनाची माहिती मिळू लागली. पुढे ते संगणक जुने झाले, त्यांची देखभाल जड जाऊ लागली, आणि २००७ च्या सुमारास काही गावांत तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशावर करून पाहण्यात आले. यावरून आपण एवढेच लक्षात घ्यावे, की यंत्र दहा वर्षांत म्हातारे होते. नोंद मात्र त्याहून जास्त जगली पाहिजे. यंत्र बदलले तरी नोंद पुढे नेता यावी, अशी व्यवस्था मालकालाच करावी लागते.

डिस्क बसते का?

हार्ड डिस्क म्हणजे बंद डबीतल्या गुळगुळीत तबकड्या. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचणारे-लिहिणारे टोक काही नॅनोमीटर अंतर राखून सरकते. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. यावरून हे काम किती नाजूक आहे ते ध्यानात येईल. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, अख्ख्या यंत्राचे वजन सुमारे टनभर होते आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज तळहाताएवढ्या डिस्कवर त्याच्या लाखो पट माल बसतो. म्हणजे ती गेली तर नुकसानही तेवढ्याच पटीत.

बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत त्यांच्याकडे शंभरातल्या साधारण एक ते दोन डिस्क वर्षाला बंद पडल्या आहेत. तेही थंड, धूळरहित खोलीत आणि स्थिर विजेवर. आपल्याकडे घाटाखाली मलकापूर, शेगावकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, घाटावरही चाळिशी सुटत नाही. त्यात धूळ, विजेचा चढउतार आणि मधेच जाणारा प्रवाह. आपल्या डिस्कला ती चैन नाही.

जोडडिस्क म्हणजे काय?

एकाच विहिरीवर दोन मोटारी बसवल्या आणि दोन्ही एकाच वेळी एकाच पाटात पाणी टाकू लागल्या, तर एक जळाली तरी पाणी थांबत नाही. जोडडिस्कचे तसेच आहे. आपण एक फाइल साठवली, की संगणक ती त्याच क्षणी दोन्ही डिस्कवर लिहितो. आपल्याला दिसते मात्र एकच डिस्क. दोहोंपैकी एक बंद पडली तर काम दुसरीवर चालू राहते. नवी डिस्क आणून लावली, की उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर सगळे पुन्हा लिहिले जाते.

ही युक्ती मोठ्या संगणकांत आधीपासून होती. १९८८ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कचे संच करून भरवसा कसा वाढवावा यावर निबंध लिहिला आणि अशा संचांना ‘रेड’ हे नाव रूढ केले. त्यांनी पाडलेल्या पायऱ्यांत पहिली पायरी हीच, आरशासारखी जोडी. म्हणून दुकानदार तिला ‘रेड वन’ म्हणतो.

“मंग पैसे दोन डिस्कचे अन् जागा एकाचीच भेटते काय?” असा प्रश्न हमखास येतो. होय, तसेच आहे. ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर जागा ४ टीबीचीच मिळते, आणि विंडोज ती सुमारे ३.६ दाखवते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. त्यात फसवणूक नाही. दुसऱ्या डिस्कचे पैसे जागेसाठी नसून काम न थांबण्यासाठी आहेत.

बसविण्यापूर्वीची पाहणी

संगणकाचे झाकण उघडून, किंवा जाणकाराकडून उघडून घेऊन, पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) जागा : साडेतीन इंची डिस्कसाठी दोन रिकामे खण आहेत काय? बारीक अंगाच्या कॅबिनेटमध्ये पुष्कळदा एकच खण असतो. तसे असेल तर ओढूनताणून बसवू नये. दोन डिस्क मावणारी बाहेरची पेटी मिळते, ती वापरावी.

२) जोडणी : मदरबोर्डवर दोन साटा पोर्ट मोकळे हवेत. काही बोर्डांवर पट्टीसारखी एम-टू डिस्क बसवलेली असेल तर एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. बोर्डाच्या पुस्तिकेत हे दिलेले असते.

३) वीज : एसएमपीएसमधून डिस्कसाठी दोन मोकळ्या वायरी निघायला हव्यात. एक डिस्क चालू असताना पाच-आठ वॉट घेते, सुरू होताना मात्र मोटारीप्रमाणे जास्त ओढते, सुमारे २५ वॉटपर्यंत. एसएमपीएस जुना, स्वस्तातला असेल तर आधी तो बदलावा.

४) हवा : दोन डिस्क एकमेकींना चिकटवून बसवू नयेत, मधे एक खण सोडावा. समोरून पंख्याची हवा लागेल असे पाहावे. डिस्कचे तापमान ४५ अंशांच्या आत राहिलेले बरे.

५) विंडोज : विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक पुढच्या आवृत्तीला चालण्यासारखा आहे का, हे आधी पाहावे. जुनाट यंत्रावर नवा खर्च करणे म्हणजे खोडव्याला लागणीचे खत घालणे.

खरेदी करताना

दोन्ही डिस्क एकाच आकारमानाच्या घ्याव्यात, पण एकाच खोक्यातल्या घेऊ नयेत. एकाच दिवशी, एकाच घाण्यातून निघालेल्या डिस्कमध्ये दोष असला तर तो दोहोंत असतो आणि दोन्ही जवळजवळ बरोबरच जातात. दोन दुकानांतून, किंवा वेगवेगळ्या तारखेच्या घेतलेल्या चांगल्या.

डिस्कमध्ये लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआर पद्धतीत रेघा शेजारी शेजारी असतात, एसएमआर पद्धतीत त्या घरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. कौलांच्या घरात मधले एक कौल बदलायचे तर वरची चार हलवावी लागतात. तसेच या डिस्कला एक जागा बदलताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागते. जोडी करताना आणि विशेषतः बिघाडानंतर जोडी पुन्हा भरताना ती फार रेंगाळते. म्हणून दुकानदाराकडे सीएमआर डिस्क मागावी. कॅमेऱ्याच्या किंवा ‘नास’ कामाच्या डिस्क बहुधा या प्रकारच्या असतात, तरी पत्रक पाहून खात्री करावी.

वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकण्याचे प्रकार बाजारात होतात. जुना ट्रॅक्टर घेताना आपण तासांचे मीटर पाहतो, तसे मीटर डिस्कमध्येही असते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रामात ती किती तास चालली हे दिसते. नवी डिस्क शून्य किंवा फार तर एक-दोन तास दाखवील. जीएसटीचे बिल घ्यावे आणि डिस्कवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमीची मुदत पाहावी.

बसविणे आणि चालू करणे

कामाला हात घालण्यापूर्वी जुन्या डिस्कवरचा दुसरा ढीग, म्हणजे पुन्हा न मिळणारा माल, बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. पुष्कळ नुकसान सुधारणा करतानाच होते.

मग संगणक बंद करून प्लग काढावा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. डिस्क खणात सरकवून दोन्ही बाजूंनी स्क्रू आवळावेत. साटा केबलचे टोक वाकड्या खाचेचे असते, ते एकाच बाजूने बसते. जोर लावू नये. एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नयेत. टोक सारखे दिसले तरी आतली जोडणी वेगळी असते आणि डिस्क जळते. जुन्या डिस्कला, जिच्यात विंडोज आहे, हात लावायचा नाही. ती आहे तशी राहील. नव्या दोन डिस्क फक्त मालासाठी.

संगणक सुरू करून विंडोजमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ उघडावे आणि त्यातले ‘स्टोरेज स्पेसेस’ निवडावे. ही सोय घरगुती आवृत्तीतही असते. तेथे नवा पूल करायला सांगितले की डिस्कची यादी येते. या ठिकाणी हात आवरावा. यादीतल्या ज्या डिस्कवर खूण कराल तिच्यावरचे सगळे पुसले जाते. विंडोजची डिस्क यादीत येत नाही, पण मालाची जुनी दुसरी डिस्क असेल तर ती येऊ शकते. नव्या डिस्कचे आकारमान आणि क्रमांक आधी कागदावर लिहून घ्यावेत, ताडून पाहावेत, मगच खूण करावी. पुढे प्रकार विचारला जातो, तेथे ‘टू-वे मिरर’ निवडावे. त्यानंतर एकच नवी डिस्क दिसू लागते. तिच्यावर आपला माल उतरवावा.

काही जण बायोसमध्ये जाऊन तेथील ‘रेड’ चालू करायला सांगतात. चालू संगणकात ते बदलले तर विंडोज सुरूच न होण्याचा संभव असतो. शिवाय मदरबोर्ड गेला की तशाच जातीचा बोर्ड शोधत फिरावे लागते. घरच्या कामाला त्याची गरज नाही. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘एमडीएडीएम’ ही चांगली व जुनी सोय आहे.

तालीम केल्याशिवाय विश्वास नको

जोडी झाली की एकदा मुद्दाम बिघाड करून पाहावा. संगणक पूर्ण बंद करून एका नव्या डिस्कची केबल काढावी आणि संगणक सुरू करावा. फाइली उघडल्या पाहिजेत आणि ‘स्टोरेज स्पेसेस’मध्ये इशारा दिसला पाहिजे. मग पुन्हा बंद करून केबल लावावी व जोडी पूर्ववत होऊ द्यावी. कोणती डिस्क कोणत्या क्रमांकाची, याची चिठ्ठी तेव्हाच डिस्कवर चिकटवावी. नाहीतर खऱ्या बिघाडाच्या वेळी चांगलीच काढली जाते.

विहिरीवरची एक मोटार जळाली तरी पाणी चालू असते, त्यामुळे आठ दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. जोडडिस्कचा हाच मोठा धोका आहे. एक गेली तरी सगळे ठीक दिसते, आणि दुसरी गेल्यावर कळते की आपण वर्षभर एकाच डिस्कवर होतो. म्हणून महिन्यातून एकदा इशारा आहे काय ते पाहावे. बिघाड दिसल्यास नवी डिस्क लगेच आणावी. ४ टीबीची भरलेली डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने उतरवायला सुमारे साडेसात तास लागतात. तेवढा वेळ वीज टिकली पाहिजे, आणि उरलेल्या डिस्कवर तेव्हाच सर्वांत जास्त ताण असतो.

आरसा कोठे अपुरा पडतो

आता मूळ मुद्द्यावर येऊ. जोडडिस्क ही कार्बन प्रत आहे. वर चुकीचा आकडा लिहिला की खालीही चुकीचाच उमटतो. फाइल चुकून पुसली तर ती त्याच क्षणी दोन्हींवरून पुसली जाते. आरशापुढे जे घडेल तेच आरशात दिसते.

ऊस लावणाऱ्याला हे वेगळे समजावायला नको. आपण ऊस बियांपासून लावत नाही, टिपरीपासून लावतो. प्रत्येक बेट म्हणजे मूळ उसाची नक्कल. बेण्यात काणी किंवा गवताळ वाढ असेल तर एकराच्या एकरात तीच उतरते. म्हणूनच पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मूलभूत बेणे वेगळे राखतात, त्यापासून पायाभूत आणि मग प्रमाणित बेणे तयार होते, आणि जाणता शेतकरी बेणेमळा फडापासून निराळा ठेवतो. नक्कल कितीही असोत, निरोगी मूळ दूर ठेवलेले नसेल तर नकला उपयोगाच्या नाहीत.

हे मोठ्या कंपन्यांनाही भोगावे लागले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणकी विषाणू युक्रेनमधून सुटला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात घुसला. आपल्या न्हावाशेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचेही काम अडले. कंपनीला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. कोणाला आत येऊ द्यायचे याची नोंद ठेवणारे तिचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते व ते एकमेकांशी सतत मेळ राखत. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब होता. पण विषाणूने सगळेच एका दमात पुसले. वाचला तो आफ्रिकेतील घाना देशातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्यातला माल डिस्कवर घेऊन माणसांच्या हाती विमानाने इंग्लंडला नेण्यात आला आणि त्यावरून सगळे पुन्हा उभे राहिले. दीडशे आरशांनी जे केले नाही, ते भारनियमनासारख्या एका अपघाताने केले.

दुसरा धोका जागेचा. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, चौथ्या मजल्यापासून वरचे मजले जळाले आणि असंख्य फायलींची राख झाली. आपल्या जिल्ह्यात जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पाणी घराघरांत शिरले. एका कॅबिनेटमधल्या दोन डिस्क एकाच पाण्यात बुडतात, एकाच विजेने जळतात आणि एकाच चोराच्या पोत्यात जातात.

राखीव प्रत : तिसरी आणि दूरची

जाणकारांचा साधा नियम आहे, ‘तीन-दोन-एक’. मालाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घरगुती व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

बाहेरून यूएसबीने लावायची एक डिस्क घ्यावी. आठवड्याला किंवा निदान प्रत्येक उसाच्या बिलानंतर ती लावावी, तारखेच्या नावाने नवा फोल्डर करून माल उतरवावा आणि लगेच काढून ठेवावी. सतत लावून ठेवलेली राखीव डिस्क ही राखीव नव्हे; विषाणू तिलाही खातो. जुने दोन-तीन फोल्डर राहू द्यावेत, म्हणजे गेल्या महिन्यात पुसलेली फाइलही सापडते. अशा दोन डिस्क असल्यास उत्तम : एक घरी, दुसरी मुलीच्या सासरी किंवा भावाकडे. घर घाटावर असेल तर ती घाटाखाली. डिस्कवर पासवर्डचे कुलूप लावावे आणि तो घरातल्या दोघांना तरी माहीत असावा. नाहीतर वारसांना कुलूपच मिळेल. वजनपावत्यांसारखा थोडका माल इंटरनेटवरच्या साठ्यातही ठेवता येतो. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायची प्रत एसएसडीवर ठेवू नये. वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्यातला माल पुसट होऊ शकतो.

राखीव प्रत दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न उगवून पाहिलेले बी.

विजेविषयी दोन शब्द. संगणकाला यूपीएस हवाच. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण ‘यूपीएस’वर ठेवावे, नाहीतर वीज बदलताना संगणक गचका खातो. अर्थिंग तपासून घ्यावे. मृगाच्या आधीचा कडकडाट सुरू झाला की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची वायर, दोन्ही काढावीत.

सभासदांनी ध्यानात ठेवावे

* गळीत हंगामापूर्वी : कॅबिनेटमधली धूळ काढणे, जोडीची स्थिती पाहणे.
* प्रत्येक बिलानंतर : पावत्या स्कॅन करणे, राखीव प्रत घेणे, डिस्क काढून ठेवणे.
* दर महिन्याला : इशारा आहे काय ते पाहणे.
* पावसाळ्यापूर्वी : यूपीएसची बॅटरी व अर्थिंग तपासणे, दूरची प्रत बदलून आणणे.
* चार-पाच वर्षांनी : एका वर्षी एक, पुढच्या वर्षी दुसरी, अशा डिस्क बदलणे.

शेवटी खर्चाचे. पैसे एकाच डिस्कचे असतील तर जोडी करण्याच्या भरीस पडू नये. आधी बाहेरची राखीव डिस्क घ्यावी. पुढच्या बिलात सवड झाली तर जोडडिस्क बसवावी. जोडडिस्कमुळे काम थांबत नाही आणि राखीव प्रतीमुळे दप्तर वाचते. दोन्ही असावीत हे खरे, पण क्रम चुकवू नये. मूळ कागदी पावत्याही स्कॅन झाल्या म्हणून टाकून देऊ नयेत. पत्र्याच्या पेटीत, वर्षवार गठ्ठे करून त्या ठेवाव्यात. त्यांना ना वीज लागते, ना विषाणू लागतो.